घरातल्या यंत्रांत ब्लीच: कुठे चालतं, कुठे नाही आणि कोणत्या क्रमाने वापरायचं

वॉशिंग मशीनला कुबट वास यायला लागला की पुष्कळ जण ब्लीचची बाटली उचलतात आणि अंदाजाने झाकण-दोन झाकण ड्रममध्ये ओततात. वास जातो, मशीन चालू राहतं, म्हणून तीच रीत पुढे डिशवॉशर, फ्रिज, किटली आणि एसीपर्यंत पोचते. नुकसान त्या दिवशी दिसत नाही. काही महिन्यांनी रबर चिकट होतं, स्टीलवर तपकिरी ठिपके येतात, आणि तोवर ब्लीचवर कुणाचा संशयही उरत नाही.

उत्तर आधीच सांगतो. मोजक्याच यंत्रांत, ठरावीक भागांवर, पातळ करून आणि मिनिटं मोजून ब्लीच चालतं. बाकी ठिकाणी ते एक तर निरुपयोगी असतं, नाही तर घातक. बहुतेकांची चूक मापात होत नाही, क्रमात होते. म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच ओळीने घ्या.

## १. घाण कसली आहे ते आधी ठरवा

ब्लीच जंतू आणि बुरशी मारतं आणि काही डागांचा रंग उडवतं. त्याचं काम तिथे संपतं. क्षार त्याने विरघळत नाहीत, तेलकटपणा धड सुटत नाही आणि गंजाचा डाग तर आणखी गडद होतो, कारण ब्लीच लोखंडाचं ऑक्सिडीकरण वाढवतं.

डागावर बोट फिरवा, मग नखाने खरवडा:

- पांढरट, खरखरीत आणि कडक थर म्हणजे पाण्यातले क्षार. याला सायट्रिक ॲसिडसारखं आम्लच लागतं.
- राखाडी, बुळबुळीत साय म्हणजे साबण, फॅब्रिक सॉफ्टनर, कपड्यांचा कोंडा आणि त्यावर वाढलेले जंतू. ब्रश आणि साबणाचं पाणी आधी, ब्लीच नंतर.
- काळे ठिपके, विशेषतः रबराच्या घडीत, म्हणजे बहुधा बुरशी. ब्लीचचं खरं काम इथे.
- तांबूस डाग पुसल्यावर बोटाला बुळबुळीत लागून निघून गेला तर तो जंतूंचा थर. पुसून जात नसेल आणि आसपास धातू असेल तर गंज समजा आणि ब्लीच लांब ठेवा.

फ्रिजमधला वास हा प्रकार वेगळा. कोपऱ्यात सांडून सुकलेलं दूध किंवा मागच्या निचऱ्याच्या भोकात अडकलेला अन्नाचा कण काढला नाही तर कितीही ब्लीच लावा, दोन दिवसांत वास परत येतो.

## २. ब्लीच ज्याला लागणार आहे तो भाग कशाचा आहे?

घरगुती ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं पाण्यातलं द्रावण. बाजारातल्या बाटल्यांत त्याचं प्रमाण साधारण ३ ते ८ टक्के असतं आणि द्रावण चांगलंच अल्कधर्मी असतं. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्याच्या पृष्ठभागावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या अत्यंत पातळ थरामुळे. ब्लीच हा थर जागोजागी फोडतं आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडायला सुरुवात होते. एकदा खड्डा पडला की तिथे पाणी आणि क्षार साचतात आणि तो आत खोल जात राहतो. वरून घासून तो जात नाही.

ॲल्युमिनियमची गत याहून वाईट. त्याला ब्लीचमधला अल्कधर्मही खातो आणि क्लोराइडही. फ्रंट लोड मशीनमध्ये ड्रमच्या मागे तीन हातांचा एक आधार असतो. अनेक मशीनमध्ये तो ॲल्युमिनियमचा असतो आणि आपल्याला कधीच दिसत नाही. तो झिजून तुटला की ड्रम हेलकावे खायला लागतो आणि दुरुस्तीचा खर्च नव्या मशीनच्या जवळ जातो. चकचकीत ड्रमकडे बघून ‘स्टील आहे, काही होत नाही’ म्हणणाऱ्यांनी हा आधार लक्षात ठेवावा.

आता यंत्रानुसार.

वॉशिंग मशीन: माहितीपुस्तिकेत क्लोरीन ब्लीच चालतं असं लिहिलं असेल, किंवा ब्लीचसाठी खूण केलेला वेगळा कप्पा असेल, तरच.

फ्रिजचा आतला भाग: खूप पातळ द्रावण चालतं. बाहेरच्या स्टीलच्या दारावर नाही.

डिशवॉशर: आतला डबा किंवा दाराची आतली बाजू स्टीलची असेल तर नाही. पूर्ण प्लास्टिकचा असेल आणि पुस्तिका परवानगी देत असेल तरच.

ह्युमिडिफायरची (हवेत ओलावा सोडणाऱ्या यंत्राची) टाकी: पुस्तिकेत माप दिलं असेल तर चालतं. खळखळून धुण्याला इथे सर्वांत जास्त महत्त्व आहे, कारण टाकीत जे उरेल ते तुम्ही श्वासातून घेणार.

इलेक्ट्रिक किटली, कॉफी मशीन: नाही. तिथला त्रास क्षारांचा असतो आणि त्यावर ब्लीच काहीच करत नाही.

मायक्रोवेव्ह, ओव्हन: नाही. तिथे घाण तेलकट असते. शिवाय तापलेल्या भागावर ब्लीचची वाफ होते, ती वेगळी डोकेदुखी.

एसी: आतल्या जाळीच्या पातळ पट्ट्या बहुधा ॲल्युमिनियमच्या असतात, आणि त्यांच्यावरून येणारी हवा थेट खोलीत येते. दोन्ही कारणांनी नाही.

आरओ प्युरिफायर: अजिबात नाही. त्यातला पडदा पॉलिअमाइडचा असतो आणि क्लोरीनने तो कायमचा खराब होतो. पाण्यातलं क्लोरीन पडद्यापर्यंत पोचू नये म्हणून तर त्याच्या आधी कार्बनचा फिल्टर बसवलेला असतो.

> इथे थांबून तपासा: पुस्तिका हरवली असेल तर मॉडेलचा क्रमांक पाहून ती कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्या. पुस्तिकेत ब्लीचचा उल्लेखच नसेल तर त्याचा अर्थ ‘चालतं’ असा घेऊ नका.

## ३. बाटली योग्य आहे ना?

साधं, पातळ, वेगळा सुगंध न घातलेलं द्रव ब्लीच घ्या. लेबलवर सोडियम हायपोक्लोराइटची टक्केवारी आणि तारीख दोन्ही बघा. ब्लीच पडून पडून कमजोर होतं, ऊन आणि उष्णतेत तर लवकरच. वर्षापूर्वी उघडलेली बाटली जंतू मारण्याच्या भरवशाची राहत नाही.

जेल किंवा ‘शिंतोडे उडत नाहीत’ असं दाटसर ब्लीच मशीनमध्ये फेस करतं. त्यातली बरीचशी जंतुनाशक म्हणून प्रमाणितही नसतात. ब्लीचिंग पावडर म्हणजे बहुतांशी कॅल्शियमचं संयुग, तिचे न विरघळलेले कण पंपात आणि रबराच्या घडीत बसतात. हे दोन्ही यंत्राबाहेर.

‘ऑक्सिजन ब्लीच’ नावाची पांढरी पूड मात्र सर्वस्वी वेगळी चीज आहे. ती सोडियम परकार्बोनेट असते, पाण्यात पडल्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा देते, आणि साधारण ४० ते ६० अंश सेल्सियसच्या कोमट-गरम पाण्यात चांगलं काम करते. स्टीलला ती क्लोरीन ब्लीचपेक्षा पुष्कळ सौम्य. माझं मत विचाराल तर महिन्याच्या सफाईसाठी हीच वापरावी आणि क्लोरीन ब्लीच बुरशी हाताबाहेर गेली किंवा घरात कुणी आजारी असलं तरच काढावं. दोन्ही एकत्र मात्र कधीच नाही.

## ४. तयारी: आत आधीच काय आहे?

सगळ्यांत जास्त अपघात या टप्प्यावर होतात, आणि हाच टप्पा लोक सर्रास गाळतात.

ब्लीच आम्लाला भेटलं की क्लोरीन वायू निघतो. व्हिनेगर, लिंबू, सायट्रिक ॲसिड, क्षार काढायचं द्रावण, टॉयलेट क्लीनर ही सगळी आम्लं. ब्लीच अमोनियाला भेटलं की क्लोरामाइन वायू निघतात. अमोनिया काच पुसायच्या काही द्रावणांत असतो. बाटल्या एकत्र ओतायच्या नाहीत हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण यंत्रात ही गाठ नकळत पडते: सकाळी क्षार काढायची पूड टाकून मशीन फिरवलं आणि दुपारी ‘आता जंतूही मारू’ म्हणून ब्लीच ओतलं. सॉफ्टनरच्या कप्प्यात कुणी व्हिनेगर भरून ठेवलंय. डिशवॉशरच्या रिन्स एडमध्ये (भांडी डाग न राहता वाळावीत म्हणून शेवटच्या विसळणीत पडणाऱ्या द्रवात) तर बऱ्याचदा सायट्रिक ॲसिड असतंच.

म्हणून:

१. क्षार काढण्याचं काम आणि ब्लीचचं काम एका दिवशी करू नका. मध्ये निदान एक पूर्ण फेरी नुसत्या पाण्याची जाऊ द्या. मी तर मध्ये काही दिवस जाऊ देतो.
२. सगळे कप्पे बाहेर काढून वाहत्या पाण्याखाली धुवा.
३. हाताने पुसण्याचं काम असेल तर प्लग काढा. बटण बंद करणं पुरेसं नाही.
४. खिडक्या उघडा, रबरी हातमोजे घाला, जुने कपडे घाला. मुलं आणि पाळीव प्राणी दुसऱ्या खोलीत.
५. मोजमापाचा कप, प्लास्टिकची बादली, दोन-तीन फडकी आणि घड्याळ हाताशी ठेवा. धातूची बादली नको.

> सावधान: ब्लीच स्प्रेच्या बाटलीत भरून यंत्रावर फवारू नका. थेंब बटणांच्या फटीत, सर्किटपर्यंत जातात आणि बारीक तुषार तुमच्या छातीत. नेहमी फडकं भिजवा, पिळा, मग पुसा.

## ५. आधी साबणाने धुवा

घाणीवर ओतलेलं ब्लीच घाणीशीच झुंजण्यात खर्च होतं. खालचे जंतू तसेच राहतात. वरचा रंग तेवढा उडतो, त्यामुळे स्वच्छ झाल्यासारखं दिसतं. आठवडाभरात बुरशी त्याच जागी परत आली तर समजा, हा टप्पा गाळला गेला होता.

कोमट साबणाचं पाणी, मऊ ब्रश, रबराच्या घडीसाठी जुना टूथब्रश. तारेचा काथ्या वापरू नका, त्याच्या ओरखड्यांत पुढची बुरशी घर करते. घासून झालं की साबण पाण्याने पुसून काढा.

## ६. द्रावण तयार करा

बादलीत आधी पाणी, मग ब्लीच. उलटं केलं तर तीव्र ब्लीच अंगावर उडतं. पाणी थंड किंवा नळाचं कोमट घ्या. उकळत्या पाण्यात ब्लीच भराभर निकामी होतं आणि वाफा नाकात जातात.

अन्न ठेवतो त्या भागांसाठी (फ्रिजचे कप्पे, ट्रे) ४ लिटर पाण्यात १५ मिली, म्हणजे एक मोठा मापाचा चमचा. ५ टक्क्यांच्या ब्लीचचं हे द्रावण जवळपास २०० पीपीएम (दहा लाख भागांत २०० भाग) भरतं आणि धुतलेल्या पृष्ठभागाला तेवढं पुरतं. लेबलवर वेगळं माप असेल तर ते पाळा.

मशीनच्या दाराच्या रबरावरच्या बुरशीसाठी हे फिकं पडतं. तिथे काही उत्पादकांच्या पुस्तिकांत साधारण ४ लिटर पाण्याला पाऊण कप, म्हणजे लिटरला सुमारे ४५ मिली, असं माप असतं. तुमच्या पुस्तिकेत याहून कमी असेल तर कमीच.

केलेलं द्रावण त्याच दिवशी वापरा. उद्यासाठी बाटलीत भरून ठेवलेल्या द्रावणात भरवसा ठेवावा असं काही उरत नाही, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला ते पाणी वाटण्याचा धोका वेगळाच.

## ७. वॉशिंग मशीन: पायरी पायरीने

फिल्टर. खाली, पुढच्या बाजूला छोटं झाकण असतं, त्याच्या मागे पंपाचा फिल्टर. खाली पसरट ताट ठेवा, झाकण हळूहळू सैल करा, पाणी येईल. आतले केस, धागे, नाणी काढा. कित्येकदा सगळा वास इथलाच असतो आणि पुढचं काहीच करावं लागत नाही.

रबर. दाराभोवतीच्या गॅस्केटची घडी दोन बोटांनी उलटी करा. खालच्या बाजूला, जिथे पाणी साचतं तिथे, लगदा झालेला कोंडा सापडेल. तो काढा, साबणाने घासा, पुसा. मग सहाव्या टप्प्यात रबरासाठी दिलेल्या मापाच्या द्रावणात फडकं भिजवून काळ्या ठिपक्यांवर ५ मिनिटं लावून ठेवा. घड्याळ लावा. त्यानंतर साध्या पाण्याच्या फडक्याने तीन-चारदा पुसा आणि कोरडं करा. ठिपके पूर्ण गेले नाहीत तर पुढच्या आठवड्यात पुन्हा. रबराच्या आत शिरलेला डाग कधी कधी जातच नाही. बुरशी मेलेली असते, रंग तेवढा उरतो. तो घालवायला रात्रभर ब्लीचची चिंधी कोंबून ठेवली की रबर कडक होऊन चिरतं. मग दारातून पाणी गळतं.

ड्रम. मशीन पूर्ण रिकामं. एकही रुमाल नको, डिटर्जंट नको. ब्लीचच्या कप्प्यात खुणेच्या रेषेपर्यंतच भरा. मोठ्या मशीनसाठी काही पुस्तिकांत १६० मिलीची कमाल मर्यादा असते आणि त्याहून जास्त वापरल्यास कालांतराने मशीन बिघडतं असंही तिथेच लिहिलेलं असतं. कोरड्या स्टीलवर बाटलीतून थेट ओतू नका. टब क्लीनची (ड्रम साफ करण्याची) फेरी असेल तर ती लावा.

फेरी मध्येच थांबवून ‘जरा भिजू दे’ म्हणणं ही नेहमीची चूक. वीज गेली आणि मशीन ब्लीचच्या पाण्यासकट थांबलं, तर वीज येताच ते पाणी काढून टाका आणि नुसत्या पाण्याची फेरी लावा.

विसळणं. शेवटी ब्लीचशिवाय आणखी एक पूर्ण फेरी.

> तपासणी: एक जुनं, गडद रंगाचं सुती फडकं ओलं करा आणि रबराच्या घडीतून फिरवून वाळू द्या. फिकट डाग पडले तर ब्लीच अजून आहे. पुन्हा विसळा. शंका उरली तर पुढची धुण्याची फेरी पांढऱ्या कपड्यांची करा.

मग दार उघडं ठेवा आणि डिटर्जंटचा कप्पाही अर्धा बाहेर ओढून ठेवा. ब्लीचची फेरी महिन्यातून एकदा ही कमाल समजा. दर आठवड्याला गरज पडत असेल तर मूळ कारण दुसरं आहे: डिटर्जंट जास्त पडतंय, सगळे कपडे थंड पाण्यात धुतले जातायत, किंवा दार धुणं झाल्या झाल्या लावलं जातंय.

## ८. फ्रिज

मांस गळलं, वीज जाऊन अन्न सडलं, पुराचं पाणी शिरलं, असं काही घडलं तरच इथे ब्लीच काढा. एरवीच्या सफाईला साबणाचं पाणी पुरे, आणि वासासाठी खाण्याचा सोडा.

प्लग काढा, सगळं अन्न बाहेर काढा. कप्पे आणि ट्रे सुटे करून साबणाने धुवा. गार काचेवर गरम पाणी ओतू नका, तडकते. खोलीच्या तापमानाला आली की मग धुवा. आतल्या भिंती आणि दाराचं रबरही साबणाने पुसून घ्या. नंतर ४ लिटरला १५ मिलीच्या द्रावणात पिळलेल्या फडक्याने सगळं पुसा आणि आपोआप वाळू द्या. दिव्याच्या, पंख्याच्या आणि हवेच्या जाळ्यांजवळ फडकं जवळजवळ कोरडं हवं. धातूची पट्टी किंवा स्क्रू ओले झाले असतील तर साध्या पाण्याने पुसून लगेच कोरडे करा. वास पूर्ण गेल्यावरच अन्न आत ठेवा. लोणी, दूध दुसऱ्याचा वास पटकन धरतात.

## ९. डिशवॉशर आणि ह्युमिडिफायर

डिशवॉशरमध्ये शक्यतो नकोच. वासाचं मूळ बहुधा तळाच्या जाळीत आणि दाराच्या खालच्या कडेला असतं, तिथे ब्रश लागतो. पुस्तिकेची परवानगी आहेच, तर आधी रिन्स एडमधल्या आम्लाचा विचार करा, भांडी सगळी बाहेर काढा (चांदी, ॲल्युमिनियम तर नक्कीच), डिटर्जंट टाकू नका आणि नंतर एक रिकामी फेरी लावा.

ह्युमिडिफायरमध्ये ब्लीचचं पाणी भरून तो चालू करणं ही भयंकर चूक. प्लग काढून फक्त टाकीत, पुस्तिकेतल्या मापाने आणि वेळेपुरतंच. मग वास पूर्ण जाईपर्यंत विसळत राहा.

## १०. काही बिनसलं तर

झोंबणारा वास, डोळ्यांत पाणी, खोकला: काय मिसळलं ते शोधत बसू नका. बाहेर पडा, घरच्यांना बाहेर काढा, आणि वास गेल्याशिवाय आत येऊ नका. वरून आणखी काही ओतून ‘त्याचा जोर उतरवायचा’ प्रयत्न नको. व्हिनेगर तर नाहीच, त्यानेच वायू निघतो. खोकला किंवा धाप थांबत नसेल तर थेट दवाखाना.

डोळ्यात गेलं: कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढून, किमान १५ मिनिटं वाहत्या साध्या पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. पोटात गेलं: उलटी करवू नका. बाटली सोबत घेऊन डॉक्टर गाठा.

स्टीलवर ठिपके दिसले: त्या जागी ब्लीच कायमचं बंद. ठिपका वरवरचा असेल तर मऊ फडकं आणि खाण्याच्या सोड्याच्या पेस्टने निघतो. नखाला खड्डा लागत असेल तर धातू गेला आहे.

उरलेलं पातळ द्रावण भरपूर पाण्यासोबत मोरीत सोडा, पण त्या मोरीत नुकतंच ॲसिड किंवा ड्रेन क्लीनर ओतलेलं नाही ना ते बघून. बाटली मूळ लेबलसकट, घट्ट झाकण लावून, अंधाऱ्या थंड जागी आणि मुलांच्या हाताला न लागेल अशी ठेवा, व्हिनेगर आणि टॉयलेट क्लीनरपासून वेगळ्या कप्प्यात.